कर्ज नंतर, आधी शेणाचा हिशेब

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकाने विचारले आहे: 10 घनमीटरचा गोबरगॅस आणि त्यावर चालणारा जनरेटर, खर्च 4 लाख. वीज विकून महिन्याला 6,000 रुपये येतील असे विक्रेता सांगतो. पैसे सोसायटीकडून घेऊ की बायकोचे दागिने गहाण ठेवू? घरी पाच गुरे, कुळागर (सुपारी-नारळाची बाग), थोडे काजू. 20,000 रुपये आगाऊ देऊन झाले आहेत.

कर्जाचे नंतर बघू. गुरे सकाळी चरायला सुटतात आणि तिन्हीसांजेला परततात, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे निम्मे शेण रानात पडते. एका गुराचे दिवसाला 10 किलो धरले तरी गोठ्यात हाती लागणार 25 किलो. किलोमागे साधारण 40 लिटर गॅस, म्हणजे रोज 1 घनमीटर. त्या टाकीला रोज 10 घनमीटर गॅस द्यायला 250 किलो शेण लागते! एवढी साधी गोष्ट विकणाऱ्याने विचारली नाही, याचा मला संताप येतो.

बाकीची भर काजूच्या बोंडांचा चोथा, सुपारीची सोले (वरची साले) आणि झावळ्या घालून काढू, असे तो म्हणतो. सोले-झावळ्या टाकीत कुजत नाहीत, वर तरंगून थर धरतात. चोथा कुजतो, पण तो मिळतो काजूच्या हंगामात, दोन-तीन महिने. शिवाय आंबट, एकदम ओतला तर गॅस बंद पडतो.

आता त्याचेच म्हणणे खरे मानू. टाकी रोज भरली, तरी घनमीटरला दीड युनिट धरून महिन्याला 450 युनिट. 5 रुपयांनी 2,250. चार लाखांवर 12 टक्क्यांनी नुसते व्याजच 4,000. मुद्दल वेगळे, आणि गॅसमधल्या गंधकाने इंजिन गंजते, त्याची दुरुस्ती वेगळी. तुमच्या 25 किलो शेणात तर 225 रुपयांचीच वीज होईल.

तेव्हा सोसायटी नको, दागिनेही नकोत. स्वयंपाकापुरती 1 घनमीटरची टाकी बांधा, तीही शिलकीतून. महिन्याला 13 किलो सिलिंडरच्या गॅसइतके इंधन मिळेल, म्हणजे जवळजवळ एक सिलिंडर. टाकीतून बाहेर पडणारा शेणकाला, म्हणजे स्लरी, कुळागराला घाला, खताचा खर्च कमी होईल. अनुदान खात्यात जमा होईपर्यंत हिशेबात धरू नका.

वीज कोण, कोणत्या दराने घेणार याचा करार विक्रेत्याकडे लेखी मागा. तो दाखवता आला नाही, तर 20,000 परत मागणारे पत्र याच आठवड्यात रजिस्टर पोस्टाने पाठवा. पावती जपून ठेवा.