मंगळवार आणि गुरुवार

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझा हिशेब नीट पाहिला. शिरोलीच्या फाउंड्रीतली कायम नोकरी एका बाजूला, मुंबईच्या फुटबॉल क्लबचा अकरा महिन्यांचा करार दुसऱ्या बाजूला, आणि खाली लाल पेनानं तुझा प्रश्न: "काका, नोकरी करत खेळलो तर मी हौशीच राहणार ना?" मेहनत कर, देवावर भरवसा ठेव, असलं काही मी लिहिणार नाही. तालमीच्या फुटबॉल संघात वाढलेल्या पोराला ते कळतं. पण त्या लाल वाक्याचा मला राग आला. ते तुझं वाक्य नाही, कुणीतरी तुझ्या कानात घातलंय. ज्यानं घातलं त्यानं आयुष्यात कधी कामावरून सुटून, डबा तसाच पिशवीत ठेवून, बूट चढवले नसणार.

मी राहतो त्या स्कॉटलंडमधल्या डंडीहून गाडीनं अर्ध्या तासावर आर्ब्रोथ आहे. चोवीसेक हजार वस्तीचं बंदर. धुरावर शिजवलेला हॅडक मासा, ज्या मठाशी १३२० चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जोडलेला आहे त्याचे लाल दगडी अवशेष, आणि गेफील्ड पार्क, आर्ब्रोथ फुटबॉल क्लबचं मैदान. गेफील्डची भिंत संपली की उत्तर समुद्र. भरती आणि वादळ एका दिवशी आलं तर लाटेचं पाणी प्रेक्षकांच्या अंगावर येतं. गोलकीपरनं उंच मारलेला चेंडू वाऱ्यानं मागे ढकललेला मी पाहिलाय. आजूबाजूचे हसले. मी स्वतः गोलकीपर असल्यामुळे मला हसू आलं नाही.

या क्लबचं नाव जगाला एकाच दिवसामुळे माहीत आहे. स्थापना १८७८ ची. १२ सप्टेंबर १८८५ ला स्कॉटिश कपच्या पहिल्या फेरीत अ‍ॅबर्डीनचा बॉन अकॉर्ड हा संघ आला आणि ३६–० नं हरून गेला. मध्यंतरालाच १५–०. जॉन पेट्री नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं १३ गोल केले. गोलला तेव्हा जाळी नसायची, म्हणजे प्रत्येक गोलनंतर चेंडू आणायला कुणीतरी पळत होतं. त्याच दिवशी डंडी हार्पनं अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला ३५–० हरवलं होतं, आणि तरी तो विक्रम झाला नाही. एका गोलानं हुकला. आर्ब्रोथचा गोलकीपर जिम मिल्न पावसात एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभा राहिला, चेंडूला त्याचा हात लागलाच नाही, असं सांगतात. खरं असो नसो, माझ्या जातीच्या माणसाची इतकी सुखाची दुपार दुसरी कुठली झाली नसेल.

हे सगळं तुला कशाला सांगतोय? स्कॉटलंडमध्ये खेळाडूला पैसे देणं १८९३ पर्यंत नियमाबाहेर होतं. चोरून कुणी देत असतील ते देत असतील. पण कागदावर तरी ब्रिटनच्या वरिष्ठ फुटबॉलमधला सगळ्यात मोठा विजय बिनपगारी लोकांच्या नावावर आहे. आणि तू मला विचारतोस, नोकरी करत खेळलो तर हौशी का!

पुढची नव्वद वर्षं पटकन सांगतो, कारण छोट्या क्लबचा इतिहास बहुतेक असाच असतो: एक पायरी वर, एक खाली. १९२१ मध्ये लीगमध्ये प्रवेश, १९३५ मध्ये पहिल्यांदा वरच्या विभागात, मग खाली, मग वर. १९५२ च्या फेब्रुवारीत कपच्या सामन्याला ग्लासगोचे रेंजर्स आले तेव्हा गेफील्डवर १३,५१० माणसं होती. इतकी गर्दी पुन्हा कधी झाली नाही. १९७५ मध्ये वरच्या विभागातून उतरले ते आजतागायत तिथे परतलेले नाहीत. तिथं जायची संधी मात्र एकदा आली, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत.

२०१६ च्या मार्चमध्ये डिक कॅम्पबेल मॅनेजर म्हणून आला. बासष्ट वर्षांचा, डोक्यावर सपाट टोपी, सोबत सहायक म्हणून जुळा भाऊ इयन. शेजारच्या फॉरफरनं काही महिन्यांपूर्वीच त्याला काढलं होतं. आर्ब्रोथ तेव्हा चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या विभागात. २०१७ मध्ये तो विभाग जिंकला, २०१९ मध्ये तिसरा. आणि मग चॅम्पियनशिप, म्हणजे दुसरा विभाग, जिथं बाकी जवळपास सगळे पूर्णवेळ क्लब. सकाळी दहाला सराव, दुपारी फिजिओ, आहारतज्ज्ञ, सगळं.

आर्ब्रोथचा सराव मंगळवारी आणि गुरुवारी. संध्याकाळी. कामावरून सुटल्यावर.

गर्दीचा सगळ्यात लाडका विंगर बॉबी लिन कचऱ्याच्या गाडीवर काम करायचा. पहाटे लोकांचे डबे उचलायचे आणि शनिवारी पूर्णवेळ डिफेंडरच्या पायांतून चेंडू काढायचा. हे वाचून "वा, काय जिद्द" म्हणू नकोस. इथले पेपरवालेही तेच म्हणायचे आणि मला ते आवडायचं नाही. जिद्दीनं नऊ महिन्यांचा हंगाम निघत नाही. डिसेंबरात इथं साडेतीनला अंधार पडतो, पाऊस आडवा येतो, आणि पहाटे चारपासून जागा असलेला माणूस संध्याकाळी सातला मैदानावर असतो, कारण आज मंगळवार आहे. जिद्द आहे की नाही हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारत नाही.

२०२१–२२ चा हंगाम. विभागातला एकमेव अर्धवेळ संघ कित्येक आठवडे टेबलात सगळ्यांच्या वर. लोक म्हणाले नाताळपर्यंत टिकणार नाहीत, टिकले. शेवटी निकाल ठरला एप्रिलच्या एका शुक्रवारी रात्री, किलमार्नॉकच्या मैदानावर. सामन्यात आधी आर्ब्रोथ पुढे होतं. किलमार्नॉकनं बरोबरी केली आणि सामना संपता संपता दुसरा गोल मारला. २–१. हंगामअखेर किलमार्नॉक ६७ गुण, आर्ब्रोथ ६५. त्यानंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे वर जायच्या दुसऱ्या संधीच्या सामन्यांत, इन्व्हर्नेस. तिथला सामना ०–०, गेफील्डचाही ०–०, इन्व्हर्नेसचे नऊच खेळाडू मैदानावर उरलेले, आणि पेनल्टीवर आर्ब्रोथ हरलं. त्या रात्रीबद्दल मी यापेक्षा जास्त लिहू शकत नाही.

पण त्याच टेबलाचं दुसरं टोक बघ. नववा डन्फर्मलिन, दहावा क्वीन ऑफ द साउथ. दोघेही पूर्णवेळ आणि दोघेही खाली गेले. सकाळी दहाचा सराव त्यांना वाचवू शकला नाही. पूर्णवेळ असणं ही कराराची गोष्ट आहे, खेळाची नाही. तू करार आणि खेळ यांची गल्लत करतोयस, आणि तुझ्या हिशेबात मला तीच एक चूक दिसली. बाकी बेरजा बरोबर आहेत.

आता ग्रेटनाचं ऐक. इंग्लंडच्या सीमेवरचं तीनेक हजार वस्तीचं गाव. क्लब २००२ मध्ये स्कॉटिश लीगमध्ये आला. ब्रूक्स माइल्सन नावाचा श्रीमंत माणूस भेटला, दिलदार माणूस, त्यानं खिसा उघडला. पूर्णवेळ खेळाडू आणले. २००५, २००६, २००७, सलग तीन वर्षं बढती. २००६ मध्ये स्कॉटिश कपची फायनल, हार्ट्सशी १–१, पेनल्टीवर हार. सगळा देश टाळ्या वाजवत होता. वरच्या विभागासाठी स्वतःचं मैदान चालेना, म्हणून घरचे सामने दूर मदरवेलला. मग माइल्सन आजारी पडला, पैसा थांबला, २००८ च्या मार्चमध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि उन्हाळ्यात लीगमधून नाहीसा झाला. पगार थकलेले खेळाडू घरी. ते सगळे पूर्णवेळ होते. मुंबईच्या त्या क्लबचा मालक कोण, त्याचा दुसरा धंदा काय आणि तो कसा चाललाय, हे तुझ्या तीन पानांत कुठंच नाही. विचारलंस का कधी?

तू अनिकेत जाधवचं नाव लिहिलंयस. बरोबर आहे, आपल्या कोल्हापूरचा पोरगा २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, मला इथं बसून अभिमान वाटला. पण तो त्या वाटेला लहानपणीच लागला होता. तू तेवीसचा आहेस. मी तुला कमी लेखत नाहीये. शाहू स्टेडियमवरचा तुझा व्हिडिओ पाहिला. डाव्या पायाचा तो क्रॉस मी ज्या पोरांना शिकवलं त्यांतल्या कुणालाही जमला नाही. पण अकरा महिन्यांनी चोविसाव्या वर्षी, गुडघा दुखावलेला आणि फाउंड्रीची जागा दुसऱ्यानं भरलेली, अशा अवस्थेत तू परत आलास तर तुझं काय होईल ते मला दिसतं. खेळ सुटेल. पहिल्यांदा खेळच सुटेल. नोकरी शोधायच्या धावपळीत मंगळवार जाईल, मग गुरुवार जाईल.

खोटं बोलायचं नाही म्हणून हेही लिहितो: मंगळवार-गुरुवारला मर्यादा आहे. आर्ब्रोथला ती लागली. त्या हंगामानंतरच्या वर्षी कसेबसे वाचले, २०२३ च्या नोव्हेंबरात कॅम्पबेल गेला, २०२४ मध्ये संघ तिसऱ्या विभागात घसरला. "अर्धवेळ कुठवर चालणार?" असं म्हणणारे माझ्याच ओळखीत होते, त्यांना फार आनंद झाला. मग डेव्हिड गोल्ड आणि कॉलिन हॅमिल्टन या संघातल्याच दोघांकडे सूत्रं आली आणि २०२५ मध्ये तो विभाग जिंकून परत वर. ज्यांना आनंद झाला होता त्यांनी मला फोन केला नाही.

माझ्यावरही हीच टीका होते, म्हणून जरा माझं सांगतो. मी इथं रस्त्यांच्या खात्यात नोकरी केली आणि संध्याकाळी पोरांना गोलकीपिंग शिकवलं. एका क्लबनं पूर्णवेळ कोच म्हणून बोलावलं होतं. मी गेलो नाही. माझा मुलगा आजही जेवताना म्हणतो, "बाबा, तुम्ही घाबरलात." घर होतं, हप्ते होते, तुझी काकू रात्रपाळीला जायची. याला घाबरणं म्हणायचं तर म्हणा. पण थंडीनं बोटं वळेनाशी झाली तरी ती पोरं माझी वाट बघत उभी असायची आणि मी जायचो. त्या क्लबात गेलो असतो तर कदाचित माझं नाव कुठंतरी छापून आलं असतं. त्या क्लबानं पुढं दोन वर्षांत सगळा कोचिंग स्टाफ बदलला, हे मी मुलाला दर वेळी सांगतो. तो म्हणतो, "हे तुम्ही दर वेळी सांगता." असो. हे पत्र तुझ्याबद्दल आहे.

फाउंड्री घे. पण घेताना मान खाली घालून घेऊ नकोस, आणि "आता काय, संसार" असं म्हणत तर मुळीच नको. नोकरीच्या आडोशाला सराव चुकवणारे मी तिथंही पाहिलेत आणि इथंही. शिफ्ट होती, पाहुणे आले, पाय जड होता. त्यांच्यासाठी माझ्याकडे सहानुभूती नाही. तुझ्यात आणि त्यांच्यात फरक करणारी एकच गोष्ट आहे आणि ती मी या पत्रात इतक्यांदा लिहिलीय की परत लिहिली तर तू वैतागशील. वैताग. मंगळवार आणि गुरुवार.

सुपरवायझरला भेट. रुजू व्हायच्या आधी, नंतर नाही. त्याला सांग की आठवड्यातले दोन दिवस मला दुसरी पाळी नको, बदल्यात रविवारची देखभाल मी करतो. कोल्हापुरातल्या फाउंड्रीत फुटबॉलचा नाद नसलेला सुपरवायझर सापडणं अवघड. बहुतेक तो तुला तुझ्या संघावरून आधी दोन शिव्या घालेल आणि मग हो म्हणेल. तालमीच्या संघाच्या कोचलाही सांग की तू येणार आहेस, त्याला कयास करत बसवू नकोस. तेलकट कपडे बदलायला वेळ मिळणार नाही, तर बूट आणि एक जोडी मोजे कामावरच्या लॉकरमध्ये ठेव. सात्त्विक वगैरे आहाराचं डोक्यात घेऊ नकोस. चारला दोन केळी आणि शेंगदाणे खा, सरावानंतर घरी जेव.

आणि एवढं सगळं वाचूनही मुंबईलाच जायचं ठरवलंस, तर जा. मी रागवेन, पण तुझं तोंड बघणार नाही असं काही होणार नाही. फक्त सही करायच्या आधी करारात तीन गोष्टी बघ: दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, पगार कोणत्या तारखेला, आणि क्लबनं मध्येच सोडलं तर किती महिन्यांचे पैसे. तिन्ही लेखी हवीत, फोनवरचं आश्वासन नको. कराराच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, शेवटचं बारीक अक्षरातलं पानसुद्धा.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका