स्पिटफायर विमानाचं इंजिन रणगाड्यात बसवलं होतं, हे खरं आहे का? बसवलं असेल तर त्यात काय बदल केले?

खरं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायरमधलं रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन घेऊन त्यावरून रणगाड्यासाठी ‘मीटिअर’ बनवलं. यात नवं काही घालण्यापेक्षा काढून टाकण्याचं कामच जास्त होतं.

१९४१ मध्ये डब्ल्यू. ए. रोबोथम यांच्या चमूने डर्बीजवळच्या बेल्परला हे जमवलं. उंचावरच्या विरळ हवेसाठी लागणारा सुपरचार्जर काढला, विमानाच्या पुढच्या पंख्याचा वेग कमी करणारे गिअर काढले. पिस्टन ठोकून घडवलेले होते, ते ओतीव केले. इंजिन उलट्या दिशेने फिरेल असं केलं, कारण रणगाड्याच्या गिअरबॉक्सला तेच हवं होतं. २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं हे धूड हजारावर अश्वशक्तीवरून ६०० वर आलं, पण हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर बिनतक्रार चालू लागलं. २८ टनी क्रॉमवेल या ब्रिटिश रणगाड्याला ६०० म्हणजे चैनच! तो ताशी ६० किलोमीटरच्या वर पळायचा. शेवटी सस्पेन्शन टिकावं म्हणून वेग मुद्दाम कमी करावा लागला. शिवाय विमानासाठी तपासणीत नापास झालेले मर्लिनचे सुटे भाग इथे खपत. युद्धकाळात ही सोय फार मोठी.

हा प्रयोग पहिला मात्र नव्हता. त्याआधीच्या क्रूसेडर रणगाड्यात लिबर्टी होतं, तेही पहिल्या महायुद्धातलं अमेरिकन विमान-इंजिन. आफ्रिकेच्या वाळवंटात त्याच्या पाण्याच्या पंपांनी आणि पंख्यांच्या साखळ्यांनी लोकांना रडवलं. विमानाला समोरून वारा आयता मिळतो. चिलखताच्या बंद पेटीत तो पंख्याने ओढून आणावा लागतो. माझ्या मते खरी परीक्षा इथेच असते, इंजिनात नव्हे.

अमेरिकनांच्या अनेक शर्मन रणगाड्यांत वर्तुळाकार नऊ सिलिंडरचं, हवेने थंड होणारं राइट घराण्याचं विमान-इंजिन होतं. ते उंच, म्हणून रणगाडाही उंच झाला आणि शत्रूला लांबून दिसायचा. बराच वेळ उभा राहिला की तेल खालच्या सिलिंडरांत उतरे. तसंच स्टार्ट केलं तर आतला दांडा वाकायचा, म्हणून मागे उभं राहून आधी हाताने हँडल मारायचं, भरपूर वेळा. थंडीत पहाटे हे काम कोणाच्या वाट्याला येत असेल ते तुम्हीच ठरवा.

मीटिअर पुढे ब्रिटिशांच्या सेंचुरियन रणगाड्यात गेलं आणि ते रणगाडे आपल्या लष्कराकडेही आले. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल ज्यातून लढले तो ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा सेंचुरियनच. नगरच्या रणगाडा संग्रहालयातही सेंचुरियन जवळून बघता येतो. मीटिअरची खोड एकच: पेट्रोल भयंकर पितं. सुरुवातीचे सेंचुरियन एका टाकीत जेमतेम शंभर किलोमीटर जायचे. इस्राएलने आपल्या सेंचुरियनमधून ते काढून अमेरिकन डिझेल इंजिन बसवलं, ते याच कारणाने, आणि पेट्रोल पटकन पेट घेतं म्हणूनही.