गिअरबॉक्स बदलायच्या आधी तेल काढून बघा

भाऊ, तुमची नऊ सीटर डिझेल गाडी दीड लाख किलोमीटरच्या वर चालली आहे. तिसरा गिअर टाकताना खर्रर्र वाजतो, कधी आपोआप निसटतो, आणि आता न्यूट्रलमध्येही घरघर सुरू झाली. दिग्रसचा मिस्त्री अख्खा गिअरबॉक्सच बदला म्हणतो. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यवतमाळला न्यायचं असतं, म्हणून गाडी उभी ठेवता येत नाही, असं तुम्ही लिहिलं.

गाडी उभी करा. बाकीचं नंतर सांगतो. निसटणारा गिअर एक वेळ हातानं धरून चालवता येईल, पण घरघरणारं बेअरिंग फुटलं आणि बॉक्स जाम झाला तर चालत्या गाडीची मागची चाकं धरली जातात. तेव्हा क्लच दाबून सुटका होत नाही, कारण चाकं बॉक्सलाच जोडलेली असतात. डायलिसिसची खेप चुकवायची नाही, म्हणून गावातली भाड्याची गाडी आजच ठरवून टाका.

आता दोष कुठं आहे ते बघू. इंजिन सुरू, गाडी न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढलेला. घरघर येते? आता क्लच पूर्ण दाबा. आवाज गेला तर बॉक्सच्या आतलं, बहुतेक इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाकडून फिरणाऱ्या दांड्याचं बेअरिंग. उलट दाबल्यावरच आवाज आला तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं, आणि ते बॉक्स न उघडता बदलता येतं. मग इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि सुरू गाडीत सगळेच अडतात, तर दोष क्लच नीट न सुटण्याचा. क्लचचं सिलेंडर गळतंय का ते आधी बघा. अशा दोषासाठी लोकांनी चांगले बॉक्स उघडलेले मी पाहिले आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण तो पैसा कोणाच्या तरी सोयाबीनचा असतो. तुमच्याकडे मात्र फक्त तिसराच वाजतो आणि निसटतो. म्हणजे त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर अडकण्याआधी वेग जुळवणारी पितळी कडी) आणि स्लीव्हचे, म्हणजे सरकून गिअर अडकवणाऱ्या कड्याचे, दात झिजलेले असावेत. ती स्लीव्ह सरकवणारा फोर्कही बघायला सांगा. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून चालवायची सवय असेल तर फोर्क झिजतो.

यानंतरचं काम तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला पाहिजे. गाडी थोडी गरम करा, खाली स्वच्छ पांढरं घमेलं ठेवा आणि गिअर ऑइल काढायला लावा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर करडा, मऊ लेप दिसेल. तेवढं चालतं, इतक्या किलोमीटरला तो असणारच. तेलात पिवळी चमक दिसली तर ती पितळी सिंक्रो रिंगची. चुंबकावर टोकदार तुकडे, दाताचा कपचा निघाला तर गिअरच फुटला. आणि तेल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे. आपल्याकडे हे पावसाळ्यात हमखास होतं. तापलेली गाडी नाल्याच्या पाण्यात घातली की बॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या बारीक भोकातून) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. त्या दिवशी काही कळत नाही. दिवाळीपर्यंत बेअरिंगला गंज धरतो.

गाडी दुरुस्तीला यवतमाळला न्यायची ठरली तर टोचन कसं करायचं ते नीट वाचा, कारण माझं खरं नुकसान तिथंच झालं. 2016 च्या पावसाळ्यात माहूरहून येताना आर्णीजवळ आमचा तिसरा गिअर गेला. गाडीत लेकरांसकट अकरा जण. ओळखीच्या माणसानं ट्रॅक्टर आणला, आम्ही न्यूट्रल करून दोर बांधला आणि चाळीसेक किलोमीटर ओढत नेली. बॉक्स उघडला तेव्हा मूळ दोष एका सिंक्रो रिंगचा निघाला, पण मेन शाफ्टचं, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग तापून निळं पडलं होतं. इंजिन बंद असलं की तेल उडवणारा खालचा शाफ्ट फिरत नाही, आणि चाकं मात्र मेन शाफ्टला फिरवत राहतात. म्हणजे कोरडं बेअरिंग चाळीस किलोमीटर फिरलं. ट्रॅक्टर आणणाऱ्याचा यात काही दोष नाही, तो बिचारा पावसात आला होता.

म्हणून मागची चाकं उचलून न्या. ते जमत नसेल तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, सोडा, पण आधी जोडाच्या दोन्ही फ्लँजवर (बोल्टच्या चकत्यांवर) खडूनं खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. नाहीतर दुरुस्तीनंतर गाडी थरथरेल आणि दोष पुन्हा बॉक्सवर येईल. बॉक्सच्या मागून पूर्ण बाहेर निघणारा शाफ्ट असेल तर त्या तोंडातून बॉक्सचं तेल सांडतं, ते बंद करून घ्या.

तुमच्या लक्षणांवरून अख्खा बॉक्स बदलायची गरज मला तरी दिसत नाही. सगळी बेअरिंगं, तिसऱ्या-चौथ्याच्या रिंगा, स्लीव्ह आणि ऑइल सील एवढं करून घ्या. बॉक्स खाली उतरलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बघा. ते काम नंतर निघालं तर उतरवायची मजुरी पुन्हा द्यावी लागते. उघडल्यावर गिअरचे दातच तुटलेले दिसले तर भंगारातल्या बॉक्सचा विचार करा, पण मॉडेल आणि नंबर जुळवल्याशिवाय घेऊ नका. काढलेले सुटे भाग पोत्यात भरून घरी आणा.

तेल मात्र गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच. जीएल-4, जीएल-5 हे गिअर ऑइलचे दर्जे. दुकानदार जाड म्हणून जीएल-5 देतो, पण पुस्तकात जीएल-4 असेल तर तेच मागा, कारण काही जीएल-5 तेलांतली रसायनं पितळी रिंगांना खातात. आवाज दबावा म्हणून घट्ट तेल भरायचा उपायही करू नका. भरताना गाडी सपाट जागी असावी आणि तेल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत यावं.

गाडी परत आली की पहिल्या फेरीला आईला बसवू नका. आधी एकटे आर्णीपर्यंत जाऊन या, प्रत्येक गिअर चढता-उतरता टाका, आणि घरी आल्यावर बॉक्सखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा दिसला की मग डायलिसिसला न्या.