प्रश्न: नाटकातला नायक शहाणा की वेडा, हे शेवटपर्यंत कळू नये असं कसं लिहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रासाठी दोन अंकी नाटक लिहिताय, नायक साठी ओलांडलेला, तो शहाणा की वेडा हे शेवटपर्यंत कळू नये अशी तुमची इच्छा. दिग्दर्शक मात्र म्हणतो, दुसऱ्या अंकात माणूस वेडा दिसलाच पाहिजे, नाहीतर सायंटिफिक सभागृहातल्या मागच्या रांगेला काही कळणार नाही. मागच्या रांगेचं नाव पुढे करून या शहरात कितीतरी चांगले प्रवेश मारले गेले आहेत, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

विस्कटलेले केस, सदऱ्याची चुकलेली बटणं, लाल स्पॉट आणि गडगडाटी हसू यांतून प्रेक्षकाला फक्त एवढं कळतं की आता या नटाला वेडा समजायचं. तो समजतोही, आणि त्या क्षणापासून त्या पात्राचं बोलणं ऐकणं सोडून देतो. मग उरलेला अंक कोणासाठी? वेड्या पात्राचं बोलणं ऐकावंसं वाटणं, ते पटत जाणं आणि पटतंय याची भीती वाटणं, यासाठीच तर माणूस तिकीट काढून बसतो.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकात लिहून ठेवलंय की वेड्यांची तर्कशक्ती गेलेली नसते. ते चुकीच्या गृहीतकावरून बरोबर तर्क करतात. नाटककाराला आजही याहून उपयोगी सूत्र मिळणार नाही. एक गृहीतक चुकवा. बाकी सगळं बरोबर ठेवा, शहाण्या पात्रांपेक्षाही काटेकोर.

एकच प्रवेश पुरता उलगडून सांगतो, कारण माझ्या एका नाटकाच्या तालमीत माझ्या दिग्दर्शकाशी सगळ्यात मोठा वाद यावरच झाला. पात्र: रेल्वेतून निवृत्त झालेले हिशेबनीस, अजनीचं क्वार्टर सोडून मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आलेले. त्यांची खात्री पटलेली आहे की घरातली बाई त्यांची बायको नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच कोणी आहे. हा भ्रम खरा आहे. फ्रेंच डॉक्टर जोसेफ कॅपग्रास यांनी १९२३ मध्ये त्याचं वर्णन केलं, पुढे तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. चेहरा ओळखू येतो, पण तो चेहरा पाहिल्यावर जी आपुलकी जागी व्हायला हवी ती होत नाही. मग मेंदू त्या रिकाम्या जागेचा हिशेब लावतो: चेहरा तोच आहे, वाटत मात्र काहीच नाही, म्हणजे माणूस बदललेला असणार.

हे गृहस्थ वहीत नोंदी ठेवतात. चहात साखर दोन चमचे होती, आता अर्धा. देवघरातली समई डावीकडून उजवीकडे गेली. कुलूप लावल्यावर ती दोनदा ओढून बघायची, आता एकदाच बघते. प्रत्येक नोंद खरी आहे. साखर कमी झाली, कारण बाईंना मधुमेह निघालाय आणि त्यांनी तो नवऱ्यापासून लपवलाय. प्रेक्षकाला हे कारण उशिरा द्या. तोवर त्याला वही पटली पाहिजे.

वही कशी असावी यावरूनही वाद झाला. दिग्दर्शकाला वेडीवाकडी, फराटे मारलेली पानं हवी होती. चाळीस वर्षं लेजर लिहिलेला माणूस फराटे मारत नाही. वही आखीव, तारीख डावीकडे, रकाने सरळ, पानाच्या तळाशी बेरीज. प्रेक्षागृहातून पान दिसत नाहीच, पण नटाच्या हाताला ते कळतं आणि तो वही उघडतो कशी, इथपासून फरक पडतो. लेखणीतला नेमका बिघाड बघायचा तर रशियन लेखक गोगोलच्या ‘वेड्याची रोजनिशी’ या कथेत तारखा कशा सुटत जातात ते पाहा: सुरुवातीला साध्या तारखा, मग एकदम सन २०००, एप्रिलची ४३ तारीख. आणि वर्ष-महिना बिघडला तरी पुढचं वाक्य व्याकरणाने धडधाकट.

आता प्रवेशाचा गाभा. मेंदूतज्ज्ञ डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी अभ्यासलेला एक रुग्ण आईवडील समोर दिसले की त्यांना तोतये म्हणायचा, फोनवर मात्र त्यांना लगेच ओळखायचा. आवाजाची वाट शाबूत, नजरेची तुटलेली. नाटकासाठी यातून असं उचललं. बाई गोकुळपेठच्या बाजारातून फोन करतात. गृहस्थ मायेने बोलतात, "अगं, कोथिंबीर आण, आणि लवकर ये. ती बाई पुन्हा आली होती सकाळी. तुझीच साडी नेसून फिरते." बाई तोवर दारातच पोहोचलेल्या आहेत, फोन कानाला, विंगेच्या तोंडाशी, प्रेक्षकांना दिसतील अशा. त्या आत येतात. गृहस्थ फोन खाली ठेवतात, उठून उभे राहतात आणि म्हणतात, "या. बसा. आपण काय घेणार?"

शेक्सपिअर वेड दाखवताना पद्य सोडून गद्यावर उतरतो. लिअरच्या वादळानंतर आणि लेडी मॅकबेथच्या झोपेतल्या चालण्यात तेच दिसतं. आपल्याकडे त्याहून बारीक हत्यार आहे. बायकोला "अगं" म्हणणारा माणूस तिलाच "आपण" म्हणतो, तेव्हा मागच्या रांगेला लाल दिव्याची गरज पडत नाही.

दिग्दर्शकाला इथे ताट भिरकावलेलं हवं होतं. पहिल्या रंगीत तालमीला ते करून पाहिलं आणि बघायला आलेली मंडळी हसली. का हसली ते समजून घ्या: ताट पडल्याचा आवाज होतो, सगळे दचकतात, आणि दचकून सुटलेला माणूस हसतो. विनय ठेवला तेव्हा सुटका मिळत नाही. त्याच प्रवेशात आणखी तीन गोष्टी बिघडल्या. व्हायोलिन वाजवलं, तर संगीताने निकाल सांगून टाकला. बाईंनी प्रेक्षकांकडे तोंड करून डोळे पुसले, तोही निकालच. आणि नट "आपण" म्हणताना किंचित हसला, तर तो सोंग करणारा खलनायक वाटला. तिन्ही काढल्यावर प्रवेश उभा राहिला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. संशय टिकवायचा तर पहिल्या अंकात नायकाच्या पाच नोंदी पेरा. दोनचं साधं कारण प्रेक्षकाला नायकाच्या आधीच कळू द्या, म्हणजे तो नायकावर शंका घेईल. दोनचं कारण दुसऱ्या अंकात द्या, आणि त्यांतल्या एकीत नायकच बरोबर निघू द्या. घरातलं कोणीतरी खरंच काही लपवत होतं. एकीचं कारण कधीच देऊ नका. ती नोंद मात्र किरकोळ हवी. भूत, सावली, आपोआप उघडणारं दार असं काही घातलंत की नाटक वेगळ्याच वाटेला लागतं.

लिहिताना प्रत्येक घटनेसमोर दोन रकाने करा: नायक शहाणा असेल तर हे कसं घडलं, आणि वेडा असेल तर कसं. एकही चौकट रिकामी राहिली तर ती घटना काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर जी संहिता फसकते, ती इथेच फसलेली असते.

रंगमंच कोणाच्या नजरेचा, हेही आधी ठरवा. नायकाला ऐकू येणारा आवाज प्रेक्षागृहाच्या स्पीकरमधून आला की प्रेक्षक त्याच्या डोक्यात जाऊन बसतो. फक्त नटाच्या प्रतिक्रियेतून कळला की प्रेक्षक बाहेर राहतो. तुम्हाला दोन्हींच्या मधे राहायचंय. म्हणून असे आवाज निवडा जे घरात तसेही असतात: अजनीच्या बाजूने येणारा इंजिनाचा भोंगा, कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. आवाज सगळ्यांना ऐकू येतो, अर्थ फक्त त्याला लागतो.

नटासाठी: आवाज ऐकू येणारा माणूस छताकडे डोळे गरगरा फिरवत नाही. वाक्य मधेच थांबतं, नजर एका जागी स्थिरावते, दोनेक सेकंदांनी वाक्य तिथूनच पुढे जातं. स्किझोफ्रेनियात आवाज हे दृश्यांपेक्षा बरेच जास्त असतात, आणि ते पुष्कळदा माणसाविषयी तृतीयपुरुषी बोलतात: "आता तो उठला, आता चष्मा शोधतोय." विंचू-साप दिसण्याचे प्रवेश दारू अचानक सुटलेल्या पात्रासाठी ठेवा, शेवटच्या घोटानंतर दोन-तीन दिवसांनी.

सोंग करणारं पात्र असेल तर त्याला उलट जास्त वेडं लिहा. जर्मन डॉक्टर गान्झर यांनी १८९८ मध्ये कैद्यांमधल्या अशा उत्तरांची नोंद केली: प्रश्न समजलेला असतो, उत्तर बरोबर उत्तराला खेटून चुकतं. गाईला पाय किती, तर पाच. हे सोंगच असतं का यावर मतभेद आहेत, आणि तुमच्यासारख्या नाटकाला नेमकं तेच हवं.

शहाणा आणि वेडा यांच्यातली रेषा कुठे असते, यावर माझं मत पक्कं आहे: ती बघणाऱ्यांच्या वागण्यात असते. आपल्या विदर्भातलं उदाहरण घ्या. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लिहिलेल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात लोक त्यांना वेडे म्हणतात आणि पायाही पडतात. लिहिणारा कुठे स्पष्टीकरण देत बसत नाही; काय केलं, कुठे केलं, समोरचा काय बोलला, एवढंच. तुमच्या नायकाच्या मुलाने बापाच्या पाठीमागे कुलपं बदलली, सुनेने चाकू वरच्या फळीवर ठेवला, शेजाऱ्याने लिफ्टमध्ये चढायचं टाळलं, की नायकाने काहीही न करता तो वेडा ठरतो. आणि चाकू हलवलेला त्याने वहीत टिपला, की त्याचं गृहीतक आणखी पक्कं होतं.

रुग्णालय किंवा कोर्ट आणणार असाल तर तपशील सांभाळा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय विजेचा शॉक देण्यावर बंदी घातली आहे, म्हणून आजच्या काळातल्या नाटकात शुद्धीवरचा माणूस खाटेवर तडफडताना दाखवू नका. पांढऱ्या कोटातले दोघे येऊन उचलून नेतात हेही खोटं. संमतीशिवाय दाखल करायला नामनिर्देशित व्यक्तीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने काम पाहणाऱ्याचा, अर्ज आणि दोघा तज्ज्ञांनी वेगवेगळी केलेली तपासणी लागते. औषधाची झोप लवकर येते, भ्रम मावळायला आठवडे जातात. कोर्टात नुसतं निदान पुरत नाही. कृत्य करताना त्याचं स्वरूप, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळत होतं का, असा प्रश्न असतो. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं ८४ कलम आता भारतीय न्याय संहितेत २२ वं आहे.

काही गोष्टी उशिरा सांगतोय. चुकीच्या गृहीतकाचं सूत्र भ्रमाला लागू पडतं. उन्मादात विचारांचा वेगच सुटतो, स्मृतिभ्रंशात आधी ताज्या आठवणी जातात, तिथे वेगळं लिहावं लागेल. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर उघड्यावर प्रयोग असतो आणि प्रेक्षक लांबवर बसलेला असतो, तिथे दोन सेकंदांची थांबलेली नजर पोहोचणार नाही; आवाजातून आणि संबोधनातून काम करा. फार्सला यातलं काहीच लागू नाही.

नायक नक्की काय आहे ते तुम्ही मात्र ठरवून ठेवा, आणि फक्त त्या नटाला सांगा. बायकोचं, मुलाचं काम करणाऱ्यांना सांगू नका. त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर दिसायला लागतं. दिग्दर्शकाला सांगावंच लागेल. त्याच बैठकीत ठरवून घ्या की दुसऱ्या अंकात सदरा इस्त्रीचा असेल, केसांना तेल असेल आणि भांग सरळ असेल.