वाढदिवस तिचा, तारीखही तिचीच

प्रश्न: ताई, माझी जवळची माणसं जगभर पांगली आहेत. ऑकलंडच्या मैत्रिणीला तिच्या वाढदिवशी, १५ जानेवारीला, दिवसभराची कामं आटोपून रात्री नऊला मेसेज केला. उत्तर आलं, ‘काल होता. असू दे.’ तेव्हापासून ती तुटकच बोलते. लॉस एंजेलिसच्या मित्राला रात्री बाराच्या ठोक्याला फोन केला, तर तो म्हणाला, ‘अगं, उद्या आहे!’ आणि लंडनच्या मैत्रिणीशी २८ मार्चचा व्हिडिओ कॉल तासाभराने हुकला. मी विसरत नाही हो, तरी दरवेळी माझंच चुकतं. बारा नक्की कुणाचे धरायचे?

उत्तर: समोरच्याचे. वाढदिवस तिचा, तेव्हा तारीखही तिच्याच घड्याळातली. आणि खरं सांगू का, बाराचा नाद सोडाच. तिच्याकडची सकाळ, आठ ते दहा, ही सगळ्यात चांगली वेळ. झोपमोड होत नाही आणि मेसेज दिवसाच्या सुरुवातीला पोचतो. उशीर झाला तर हाताशी अख्खा दिवस उरतो, ते वेगळंच.

‘ऑकलंड इतके तास पुढे’ असा एकच आकडा पाठ करून ठेवला, की घोटाळा होतो, कारण हा आकडा वर्षभर टिकत नाही. तुमच्याच दोघांचं पाहा. जानेवारीत ऑकलंड लॉस एंजेलिसच्या २१ तास पुढे असतं, जुलैत १९. दोन्हीकडे उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे करतात. पण ऑकलंडमध्ये उन्हाळा असतो तेव्हा लॉस एंजेलिसला हिवाळा, त्यामुळे एकीकडचं घड्याळ तासभर पुढे जातं तेव्हा दुसरीकडचं मागे येतं. तेही एकाच दिवशी नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, न्यूझीलंड एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे घेतं. मधले काही आठवडे फरक २० तासांचा.

लंडनचा घोळ आणखी गमतीचा आहे. तिथे वेळ बदलते मार्चच्या शेवटच्या रविवारी, आणि तो रविवार २५ ते ३१ यांपैकी कुठल्याही तारखेला येतो. म्हणजे २८ मार्चचा वाढदिवस एखाद्या वर्षी बदलाच्या आधी पडतो, एखाद्या वर्षी नंतर. गेल्या वर्षीची वेळ जशीच्या तशी उचलली असेल, तर तासाचा फरक पडू शकतो.

म्हणून हिशेब डोक्यात ठेवू नका, कॅलेंडरवर सोपवा. गूगल कॅलेंडरमध्ये वाढदिवस ‘पूर्ण दिवस’ म्हणून नोंदवला, की आठवण तुमच्या घड्याळाप्रमाणे वाजते. ऑकलंडचा निम्मा दिवस तोवर सरलेला असू शकतो. त्याऐवजी ‘पूर्ण दिवस’ बंद करा, टाइम झोनमध्ये ऑकलंड निवडा, वेळ सकाळी साडेआठ, दरवर्षी पुनरावृत्ती, आणि सूचना दोन: एक दिवस आधी आणि ऐन वेळी. शहराचं नाव निवडणं महत्त्वाचं. ‘जीएमटी अधिक १३’ (ग्रिनिच प्रमाणवेळेच्या १३ तास पुढे) असा नुसता आकडा धरून चाललात, तर घड्याळ बदलल्यावर तो खोटा ठरतो. शहर निवडलं की कॅलेंडर ते आपोआप सांभाळतं. कॅलेंडरच्या पानावर ही नोंद तुमच्या वेळेत दिसते. मेल किंवा मेसेज आधी लिहून ठेवायचा असेल, तर हीच वेळ तिथे टाका.

जीमेलमध्ये मेल वेळ लावून पाठवता येते, आयफोनच्या आयमेसेजमध्ये मेसेज १४ दिवस आधीपर्यंत लावता येतो. पण वर्षभराच्या शुभेच्छा एका बैठकीत लावून मोकळं होऊ नका. मधल्या काळात त्या घरात काही वाईट घडलं, तर फुगेवाला मेसेज नको त्या दिवशी जाऊन पोचतो. आदल्या दिवशी लावा, तेवढं पुरे.

सणांचं थोडक्यात. नववर्षाचा मेसेज सगळ्यांच्या ग्रुपवर एकदाच टाकला, की कुणाची तरी पहाट मोडतेच: ऑकलंडमध्ये बारा वाजतात तेव्हा लॉस एंजेलिसला ३१ डिसेंबरचे पहाटेचे तीन असतात. जवळच्यांना वेगवेगळाच पाठवा. टेलिग्रामवर पाठवण्याचं बटण दाबून धरलं की आवाज न करता मेसेज पाठवण्याची सोय आहे, ती वापरा. आणि सणाची तारीख सगळीकडे एकच असेल असं धरून चालू नका. मातृदिन ब्रिटनमध्ये बहुधा मार्चमध्ये येतो, अमेरिकेत मेच्या दुसऱ्या रविवारी.

आता रुसलेल्या मैत्रिणीचं. तिला टाइम झोन समजावत बसू नका. ते तिला तुमच्याइतकंच ठाऊक आहे आणि ती सबब वाटेल. तिला टोचलंय ते आपण तुमच्या दिवसाच्या शेवटाला उरलो, हे. तेव्हा एवढंच लिहा: ‘तुझी तारीख मी माझ्या घड्याळाने धरली, चुकलंच माझं. निवांत बोलायचंय. तुझ्या रविवारी, तुझ्याकडे सकाळी दहाला फोन करू?’ वार आणि वेळ दोन्ही तिच्याकडचे लिहा. तिचा रविवार उजाडतो तेव्हा तुमच्याकडे शनिवार असू शकतो, आणि नुसतं ‘रविवारी करते’ म्हणालात तर ती दुसऱ्यांदा वाट पाहत बसेल.