आमची बोट खाडीत उभी असते. तिच्या पंख्याला आणि सुकाणूला गंज लागू नये म्हणून झिंकच्या (जस्ताच्या) वड्या किती लावाव्यात? वडील म्हणतात, पैसे पाण्यात जातात.

तुमच्या प्रश्नातलं वडिलांचं ते वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. हाच वाद माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा गेली अकरा वर्षं चालू आहे.

आमची बोट लाकडी, हर्णैची. तीन पानांचा पंखा, तो फिरवणारा स्टेनलेसचा दांडा म्हणजे शाफ्ट, लोखंडी सुकाणू. १ जूनला मासेमारीची बंदी लागली की वर ओढायची, खरवडायची, ऑगस्टच्या आत रंगवून पुन्हा पाण्यात. त्या वर्षी वर ओढली तर झिंकच्या तिन्ही वड्या नव्यासारख्या. कोपरेसुद्धा झिजले नव्हते. दादा खूश. "माल बघ कसा आहे, अजून एक सीझन आरामात काढेल," म्हणाला, आणि तळाला लाल रंग देताना वड्यांवरूनही ब्रश फिरवून घेतला. रंग दिला की जास्त टिकतात म्हणे.

मी पंखा खरवडत होतो. शिंपलं निघाली तशी खाली पितळेचा पिवळा दिसेना, तांब्यासारखे गुलाबी डाग दिसायला लागले. हातोडीने एकेक पान वाजवून पाहिलं. दोन पानं घंटेसारखी वाजली, तिसरं बद्द. दादाला बोलावून दाखवलं. पॉलिश मारलं की जातील डाग, म्हणाला. मी धाकटा, गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

डिसेंबरात भरलं जाळं ओढताना तेच पान गेलं. बोट अशी थडथडायला लागली की एंजिन बंदच करावं लागलं. ओळखीच्या एका नाखवाने रात्रभर ओढत आम्हाला बंदरात आणलं. तुटल्या जागी बघितलं तर कडा गुलाबी आणि भुसभुशीत, नखाने कण निघत होते. मधे बोटभर पिवळं तेवढं शाबूत.

दादा म्हणतो, पंखाच खराब मिळाला. पंखा खराब नव्हता. मँगनीज ब्राँझ म्हणून जे विकतात त्यात ४० टक्क्यांच्या आसपास जस्त असतं, म्हणजे ते पितळच. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसला जोडलेलं असलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि तांब्याचा स्पंज उरतो. झिंकची वडी लावायची ती तिने आधी झिजावं म्हणून. झिजलीच नाही तर तिचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं, आणि आमच्याकडे ते पंख्याने केलं. सीझन संपताना वडी अर्धी झालेली दिसली पाहिजे. नवी कोरी दिसली तर घाबरायचं.

आमच्या तिन्ही वड्या का झिजल्या नाहीत ते नंतर कळलं. एक नुसती लाकडावर ठोकलेली होती, तिचा कुठल्याच धातूशी संबंध नव्हता. दोन सुकाणूला होत्या, पण रंगावर बसवलेल्या, आणि वर त्यांनाही रंग. शिवाय तसं बघितलं तर सुकाणूची वडी शाफ्टला वायरने जोडलेली नसेल तर पंख्याला तिचा उपयोगच नाही. आता मी शाफ्टवरच कॉलरवाली, म्हणजे कड्यासारखी भोवती बसणारी झिंक घालतो, खालचा धातू घासून चकचकीत करून. मग विजेचा रोध मोजायचं मीटर लावतो. वडी आणि पंखा यांच्यात एक ओहमपेक्षा जास्त दाखवलं तर सगळं सोडून पुन्हा बसवतो.

वड्या दुकानदारांनी काढलेलं खूळ आहे असं दादाला वाटतं. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने इंग्रजांच्या आरमाराच्या जहाजांवर, तळाच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड आणि जस्त जोडून हेच करून दाखवलं होतं. तांबं वाचलं. मात्र तांबं विरघळायचं थांबल्यावर तळाला शिंपलं खूप धरायला लागली. तेव्हा झिंक लावली म्हणजे खरवडण्यापासून सुटका होते असं समजू नका.

किती लावायच्या हे बोट न बघता कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अर्ध्या सीझनला पाणबुड्याला खाली पाठवून बघा, त्यावरून कमीजास्त करा. स्थानिक भट्टीत भंगारातून ओतलेली वडी घेऊ नका. जस्तात लोखंड ०.००५ टक्क्याच्या वर गेलं की वडीवर कडक थर धरतो आणि ती कामातून जाते. तुमची बोट खाडीत उभी असते असं लिहिलंय. तिथे पावसाचं गोडं पाणी मिसळत असेल तर झिंकपेक्षा अ‍ॅल्युमिनियमची वडी चांगली.

एक राहिलं. बोट लाकडी असेल तर भारंभार वड्या लावू नका. संरक्षण जास्त झालं की धातूच्या भोवती क्षार साचून लाकूड मऊ पडतं, बोल्टाच्या आजूबाजूला टोचणी आत जाते. दादाने हा मुद्दा काढला होता आणि तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर होतं.

तो पंखा मी भंगारात दिला नाही. शेडमध्ये आहे. वडिलांना घेऊन हर्णैला या, हातोडी देतो, त्यांनीच वाजवून बघावं.