नीलगिरी ताहर आणि हिमालयीन ताहर एकाच जातीचे का?

नाही. नावात ताहर आहे म्हणून फसायला होतं.

दोघंही बोव्हिडी कुळातले, शेळ्या-मेंढ्यांचे भाऊबंद. पूर्वी दोघांना हेमिट्रॅगस या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) धरायचे. २००५ मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसलं, की नीलगिरीवाला मेंढ्यांच्या जवळचा आहे आणि हिमालयवाला शेळ्यांच्या. मग नीलगिरीवाल्यासाठी नीलगिरिट्रॅगस ही वेगळी प्रजाती केली. सारखं दिसणं बहुधा कड्याकपारीत राहिल्यामुळे आलेलं. जुन्या पुस्तकात जुनं नाव असेल तर गोंधळू नका.

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत नीलगिरी ताहर 'संकटग्रस्त' आहे. तो फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात उरलाय; सर्वांत मोठा कळप-समूह केरळच्या एराविकुलममध्ये. तमिळनाडूचा तो राज्यप्राणी.

हिमालयीन ताहर 'संकटसमीप', म्हणजे त्याची स्थिती एक नाही, दोन पायऱ्या बरी. गंमत म्हणजे १९०४ मध्ये न्यूझीलंडला नेऊन सोडलेले ताहर तिथे इतके वाढले, की सरकारच त्यांची संख्या आटोक्यात ठेवतं.